सासूबाईंच्या लसीचे १७० दिवस

आमच्या घरातला कोरोनाच्या लशीचा शेवटचा डोस २५ सप्टेंबर २०२१ ला झाला, तो माझा. त्याला चौदा दिवस उलटले, लोकलचा पास हातात आला, आणि नवरात्रात जरा सवड मिळाली म्हणून हे लिहायला बसले आहे. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, आमचे हे ४७, मी ४३ आणि मुलगी पंधराची. तिच्या वयासाठी तेव्हा लस आलेली नव्हती. आमच्या दोघांच्या लशीत सांगण्यासारखं फार नाही. खरे दिवस गेले ते आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या लशीत. १ मार्च ते १८ ऑगस्ट. मोजले तर १७०. तुमच्याही घरात कुणी अजून ‘नको’ म्हणत असेल तर यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं. तारखा मी मोबाइलमध्ये टिपत गेले होते, त्या तशाच देते.

१ मार्च २०२१, सोमवार. साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या आजारी माणसांना त्या दिवसापासून लस सुरू झाली. पालिकेच्या केंद्रावर फुकट, खासगी रुग्णालयात २५० रुपये. आईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून मी सकाळपासून कोविनवर, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या साइटवर बसले होते. साइट अडकत होती, ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. रात्री साडेअकराला नोंदणी झाली आणि ९ मार्चची वेळ मिळाली. मला इतका आनंद झाला की सकाळी चहा ठेवता ठेवताच त्यांना सांगून टाकलं.

आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मला न्हाई घ्यायची.”

मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. आधार कार्ड त्यांच्या पेटीतून परस्पर काढून नंबर टाकला होता. ही पहिली चूक, आणि ती मला कळायला अडीच महिने लागले. त्या आठवड्यात मी त्यांना रोज काही ना काही वाचून दाखवत होते. सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड लस पुण्यात बनते, आपल्या माणसांनी बनवलेली आहे, ऑक्सफर्डचं संशोधन आहे, सगळं सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि उठून देवापाशी बसायच्या. ९ मार्च आला आणि गेला.

चाळीत तेव्हा प्रत्येक मजल्यावर वेगळं काही चालू होतं. तळमजल्यावरच्या एका काकांनी १९७६ सालची नसबंदी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांच्या गावात माणसं उसाच्या फडात लपली होती. त्यामुळे ‘लस घेतली की माणूस नपुंसक होतो’ हा मेसेज आला तेव्हा त्यांना तो नवीन वाटलाच नाही, जुनीच गोष्ट परत आल्यासारखा वाटला. औषध महानियंत्रकांनी ३ जानेवारीलाच ते साफ खोटं असल्याचं सांगितलं होतं, पण ते सांगणं आमच्या तळमजल्यापर्यंत पोहोचलं नाही, मेसेज मात्र पोहोचला. एप्रिलमध्ये बायकांच्या मोबाइलवर पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नये असं फिरू लागलं. तेही खोटंच होतं. पण हिशोब केला तर महिन्यातले जेमतेम पंधरा दिवस उरतात आणि त्यात स्लॉट मिळत नाही, म्हणून माझ्या ओळखीच्या दोघींनी नादच सोडला.

आमच्या घरात मेसेज यायचे ते डोंबिवलीच्या भाऊजींकडून. भाऊजी म्हणजे यांचे मोठे भाऊ. मला त्यांचा राग यायचा. नंतर एकदा फोनवर ते म्हणाले, “आईला काही झालं तर मी डोंबिवलीहून येणार कसा? लोकलमध्ये चढू देत नाहीत.” मग माझा राग गेला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते पुढे पाठवतो. त्यांना मी ग्रुपवर कधीच उत्तर दिलं नाही. चारचौघांसमोर खोडून काढलं असतं तर ते आणखी हट्टाला पेटले असते. वेगळा फोन करायचे, आधी तब्येत विचारायचे आणि मग त्या मेसेजवर बोलायचे. हे एवढं जरूर करून पाहा.

मार्चच्या शेवटी आईंच्या भजनी मंडळातल्या एकींचे यजमान गेले. लस घेऊन चौथा दिवस होता. आईंना मी लगेच म्हटलं, “अहो, त्यांना हार्टचा त्रास होता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू डॉक्टर हायस?”

मी डॉक्टर नाही. ते लशीने गेले की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी माहीत असल्यासारखं बोलले. त्या दिवसापासून ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे आईंना शुगर तपासायला नेलं तेव्हा मुद्दाम त्यांच्यासमोर हाच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, “आजी, सध्या रोज लाखो म्हातारी माणसं लस घेतायत. लस नसती तरी त्यातली काही त्या आठवड्यात गेलीच असती. म्हणून प्रत्येक मृत्यू लशीमुळे असं म्हणता येत नाही, आणि एकही लशीमुळे नाही असंही तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. तपासायला सरकारची समिती आहे.” आईंना हे पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मे महिन्यात त्या समितीचा अहवाल आला. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांच्या २६ संभाव्य केसेस, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. तो आकडा मी आईंपासून लपवला नाही. असं होऊ शकतं, फार क्वचित होतं, आणि लक्षणं ही ही आहेत, असं सांगितलं. त्यांचा माझ्यावरचा भरवसा त्याने कमी झाला नाही, उलट त्या पहिल्यांदाच स्वतःहून काही विचारू लागल्या.

एक युक्तिवाद मात्र माझ्यावरच उलटला. आईंच्या दंडावर देवीचे दोन गोल वण आहेत, रुपयाएवढे. म्हटलं, “आई, तुम्ही देवी टोचून घेतलीत म्हणून देवी गेल्या ना? ही पण तशीच.” त्या म्हणाल्या, “तवा कुनी इचारलं व्हतं व्हय? मला दोघांनी धरलेलं आन् तिसऱ्यानं टोचलं. मी रातभर रडले.” खटाव तालुक्यातल्या एका वाडीतली पाच-सहा वर्षांची पोर डोळ्यांसमोर आली. त्यानंतर देवीचा विषय मी काढला नाही.

१ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. यांनी ७ एप्रिलला घेतली. तीन दिवस आधी, ४ एप्रिलला, मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले होते. यांना रात्री थंडी वाजून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. मला वाटलं, मुलगा ठणठणीत आहे हे बघून आई तयार होतील. झालं उलटंच. त्या रात्री आई झोपल्या नाहीत. दर तासाला उठून यांच्या कपाळाला हात लावत होत्या आणि मला म्हणत होत्या, “दार लाव. आवाज करू नका.” मला वाटलं, झोपेत बोलतात.

पुढे लशीचाच तुटवडा सुरू झाला. केंद्रांवर ‘लस उपलब्ध नाही’चे कागद लागले. ३० एप्रिल ते २ मे तीन दिवस मुंबईतलं लसीकरण बंद राहिलं. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आधी ते चार ते सहा होतं, मग सहा ते आठ. यांचा दुसरा डोस मे अखेरीस धरला होता, तो ३० जूनवर गेला. चाळीत सगळे म्हणाले, “लस नाही म्हणून दिवस वाढवले. उद्या म्हणतील एकच पुरे.” याला उत्तर देणं अवघड होतं, कारण तुटवडा खराच होता. अंतर वाढवलं तर कोविशील्ड जास्त चांगली काम करते हेही खरं होतं, ते फेब्रुवारीतच चाचण्यांमधून पुढे आलं होतं. मी दोन्ही सांगत राहिले. पण नियम दर महिन्याला बदलला की अफवा पसरवायला वेगळं कुणी लागत नाही. हे आधी नीट समजावून सांगितलं असतं तर माणसं इतकी बिथरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आता १७ मे. तौक्ते वादळाचा दिवस. लसीकरण बंद होतं, आम्ही सगळे घरात. गॅलरीला बांधलेली ताडपत्री फाटून फडफडत होती. दुपारी वाऱ्याने गॅलरीतल्या चपलांचे स्टँड आडवे केले आणि चपला तळमजल्याच्या चौकात उडाल्या.

आमच्या शेजारच्या खोलीत एक काका एकटे राहतात. काकू मे २०२० मध्ये वारल्या. ताप आला, रात्री साडेदहाला रुग्णवाहिका आली, पांढऱ्या किटमधली दोन माणसं वर आली आणि काकू चालत जिना उतरल्या. आई गॅलरीत उभ्या होत्या. काकूंनी खालून वर बघून हात केला. नवव्या दिवशी फोन आला. काकांना तेव्हा स्वतःलाच अलगीकरणात ठेवलेलं, शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. काकू त्या रात्री हॉस्पिटलमध्ये बऱ्या म्हणून मुलीच्या स्पोर्ट शूजमध्ये गेल्या होत्या. त्यांच्या रोजच्या चपला दारात राहिल्या. तपकिरी, अंगठ्याजवळ मोच्याने शिवलेल्या. काकांनी वर्षभर त्या तिथून हलवल्या नाहीत.

त्या दुपारी काका भर पावसात खाली उतरले. चौकात गुडघ्यापर्यंत वाकून, पाण्यातून एकेक चप्पल उचलून बघत होते. एक सापडली, दुसरी मिळेना. आमचे हे खाली धावले. दोघांनी मिळून अर्ध्या तासाने नळाच्या टाकीमागे ती शोधून काढली.

आई दाराच्या फटीतून हे बघत होत्या. काका वर आले तेव्हा त्या आत वळल्या आणि मला म्हणाल्या, “मला तसं न्यायचं न्हाई कुनी.”

मग सगळं बाहेर आलं. लस घेतली की ताप येतो हे त्यांनी ऐकलं होतं, यांच्या वेळी पाहिलंही होतं. ताप आला की पालिकेची माणसं दारात येतात. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा घरोघरी येऊन कपाळावर ती पिस्तुलासारखी वस्तू धरत होते, बोटाला चिमटा लावत होते. आकडा वर गेला की नेतात. नेलेलं माणूस येत नाही. आईंच्या डोक्यात ही साखळी होती, आणि तिची एकही कडी हवेतली नव्हती. भाऊजींचे मेसेज, भजनी मंडळातला मृत्यू, हे सगळं त्यांनी पुढे केलं होतं, कारण ‘मला भीती वाटते’ म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. मी अडीच महिने त्या मेसेजना उत्तरं देत बसले. त्यांना विचारायचं होतं वेगळंच.

नंतर मी जरा वाचलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ऑक्टोबरमध्ये शेकडो गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. तिथे नेलेल्या माणसांना मारतात अशी वदंता होती. आमच्या घरापासून ते ठिकाण पायी जाण्याइतकं जवळ आहे. पुढच्या जानेवारीत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ज्या परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे तिच्यावरून मी कित्येकदा बसने गेले आहे, पण त्यांनी आधी स्वतःला का टोचून घेतलं असेल हे मला आईंच्यामुळे कळलं.

आमच्या मजल्यावर एक आरोग्यसेविका ताई येतात. पोलिओचे डोस द्यायलाही त्याच यायच्या, त्यामुळे आई त्यांना ओळखतात. २० मेला मी त्यांना घरी बोलावलं आणि आईंसमोर काहीच न समजावता एवढंच म्हटलं, “ताई, आईंना ताप आला तर तुम्ही काय करणार ते सांगा.” ताई खाली बसल्या. म्हणाल्या, “लशीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. त्यासाठी कुणी नेत नाही, मला कळवायचीही गरज नाही. गोळी द्यायची, पाणी पाजायचं. तिसऱ्या दिवशी राहिला, खोकला आला, दम लागला, तर टेस्ट करावी लागेल. तेव्हा न्यावं लागणार नाही असं मी खोटं सांगणार नाही. पण आधी मी येईन, एकटी, किट न घालता, तुमच्याशी बोलेन.” आईंनी विचारलं, “आन् नेलं तर हिला संगट येऊ देतील?” ताई म्हणाल्या, “दारापर्यंत.” आई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “चालंल.”

पुढच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार ज्येष्ठांना नोंदणीशिवाय थेट केंद्रावर जायची मुभा होती. २४ मेला आम्ही सकाळी आठला पोहोचलो. टोकन संपले होते. शंभरच डोस आले होते आणि माणसं पहाटेपासून बसली होती. आईंना उन्हात उभं करून परत आणताना माझ्या पोटात गोळा आला होता, आता या परत यायच्या नाहीत. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “इतकी मानसं रांगंत हुबी व्हती व्हय?” त्या रांगेत त्यांच्या वयाच्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा ती रांग उपयोगी पडली.

२६ मे, बुधवार. यांनी पहाटे पाचला जाऊन नंबर लावला, ३४ वा. मी आईंना साडेनऊला टॅक्सीने नेलं, तेव्हा किमान भाडं २५ रुपये होतं. ज्येष्ठांसोबत जात असाल तर एकाने आधी जाऊन टोकन घ्यावं, दुसऱ्याने माणसाला मागाहून आणावं. बरोबर मूळ आधार कार्ड, नोंदणीचा मोबाइल चार्ज करून, पाण्याची बाटली, शुगरवाल्यांसाठी दोन बिस्किटं आणि घडीचं स्टूल. उपाशीपोटी नेऊ नका. बाहीचा घेर मोठा असलेलं ब्लाउज घालायला सांगा, नाहीतर ऐनवेळी सगळ्यांसमोर ओढाताण होते.

आत नर्सने आईंना कुपी दाखवली. एका कुपीत दहा डोस असायचे, ती उघडली की चार तासांत संपवावी लागायची, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत थांबवायचे. त्या थांबण्याचा अर्थ माहीत नसला की ‘मागे लस विकतात’ असं लोक बोलायला लागतात. आमच्या मागेच एक जण तसं बोलत होता. नर्सने सिरिंजमध्ये अर्धा मिलि भरलं, उजेडात धरून आईंना म्हणाली, “बघा आजी, भरलेली आहे.” रिकामी सुई टोचल्याचे व्हिडिओ फिरत होते, त्यामुळे ती प्रत्येकाला दाखवत होती. मग तिने पदर सरकवला आणि देवीचे वण दिसले. तिने त्यांवरून अंगठा फिरवला. “हे टोचलेलं दुखलं होतं का?” आई म्हणाल्या, “लई.” “हे तेवढं नाही दुखणार. टोचू?” आईंनी मान हलवली. ती मान हलेपर्यंत तिने सुई लावली नाही.

अर्धा तास निरीक्षणात बसवलं. घरी येऊन जेवल्या, झोपल्या. रात्री दहाच्या सुमारास अंग तापलं. थर्मामीटरवर १०१. मी पॅरासिटामॉलची गोळी दिली, ओली घडी कपाळावर ठेवली. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. म्हणाल्या, “दिवा बारीक कर.” केला. “दार लाव.” लावलं. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाल्या, “माझ्या चपला आत घे.”

मी उठून दार उघडलं, चपला आत घेतल्या आणि त्यांना दिसतील अशा गाद्यांच्या पेटीजवळ ठेवल्या. मगच त्यांनी डोळे मिटले. पहाटे चारला घाम येऊन ताप उतरला. सकाळी आरोग्यसेविका ताई सांगितल्याप्रमाणे एकट्या आल्या, साडीत, आणि चहा घेऊन गेल्या.

जूनमध्ये नवं निघालं, लस घेतलेल्या हाताला लोहचुंबकासारखी भांडी चिकटतात. नाशिकच्या एका गृहस्थांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. चाळीतल्या पोरांनी आईंच्या दंडाला स्टीलचा चमचा लावला, आणि तो खरंच चिकटला. क्षणभर सगळे गप्प. आई म्हणाल्या, “घाम हाय त्यो.” मग मुलीने पावडर लावून चमचा ठेवला तर पडला. लस न घेतलेल्या एका पोराच्या घामट कपाळावर पाच रुपयांचं नाणं चिकटवून दाखवलं. आमच्या मजल्यापुरता तो विषय तिथेच मिटला. त्याच सुमाराला कोवॅक्सिन या दुसऱ्या लशीत वासराचं रक्त आहे असा मेसेज भजनी मंडळात आला. हे समजावणं चुंबकाइतकं सोपं नव्हतं. पेशी वाढवण्यासाठी नवजात वासराचं सीरम वापरतात हे खरं आहे, नंतर ते धुऊन काढतात आणि तयार लशीत ते नसतं, असं सरकारने सांगितलं. मी एवढंच जसंच्या तसं सांगितलं. कुणाची श्रद्धा खोडून काढणं माझं काम नाही.

माझी लस १८ ते ४४ मधली, तिला मेमध्ये स्लॉटच मिळेना. जूनच्या सुरुवातीला एक एजंट आमच्या मंडळाकडे चाळीतच कॅम्प लावून देतो म्हणून आला. पैसे रोख, पावती नंतर. आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. मग जूनच्या मध्यात कांदिवलीचं प्रकरण उघडकीला आलं. तिथल्या एका सोसायटीत ३० मेला ३९० जणांना प्रत्येकी १,२६० रुपये घेऊन बनावट लस टोचली होती. कुणालाही ताप आला नाही, अंग दुखलं नाही, प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने आली, तेव्हा लोकांना शंका आली. आई हे ऐकून म्हणाल्या, “मंजे ताप आला त्ये बरंच.” ताप न येणाऱ्यांनाही लस लागू पडते हे मला त्यांना सांगावं लागलं, पण त्यांचा दिलासा मी मोडला नाही. मी ३ जुलैला खासगी रुग्णालयात जाऊन ७८० रुपये देऊन कोविशील्ड घेतली. पावती आणि मोबाइलवर लगेच येणारा मेसेज, दोन्ही बघूनच बाहेर पडले. तुम्हीही तसंच करा.

आईंचे दोन डोसांतले ८४ दिवस १८ ऑगस्टला भरले, बुधवारी. या वेळी रांग छोटी, पाऊण तासात काम झालं. ताप आला नाही, दंड थोडा दुखला. प्रमाणपत्र उघडलं तर जन्मसाल १९५० ऐवजी १९६०. कोविनवर दुरुस्तीची सोय होती, पण ती एकदाच करता यायची, म्हणून नाव, साल, ओळखपत्राचा नंबर सगळं आधारशी ताडून मगच बटण दाबलं. खरं तर टेबलावरच्या मुलाने टाइप केल्यावर तिथेच वाचून घ्यायला हवं होतं.

१५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. माझा नंबर ९ ऑक्टोबरनंतर लागला. १२ तारखेला करी रोड स्टेशनवर गेले, प्रमाणपत्राची छापील प्रत आणि आधार दाखवलं, त्यांनी शिक्का मारला, तो दाखवून खिडकीवर महिन्याचा पास मिळाला. तेव्हा एकेरी तिकीट मिळत नव्हतं, पासच काढावा लागायचा. विक्रोळीच्या ऑफिसला बसने दीड-दीड तास जात होते, ते आता वाचतील.

राहिले होते शेजारचे काका. लशीबाबत त्यांनी इतके महिने कुणाचंच ऐकलं नव्हतं. ७ तारखेला देवळं उघडली, त्याच्या आदल्या रविवारी आई त्यांच्या दारात जाऊन बसल्या. काय बोलल्या ते सगळं मला माहीत नाही. गॅलरीतून एवढंच ऐकू आलं, “रातच्याला ताप येतो. कुनी न्हेत न्हाई. मी हाय ना हितं.” दुसऱ्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, आमचे हे त्यांना केंद्रावर घेऊन गेले. त्या रात्री आईंनी त्यांना आमच्याकडेच जेवायला ठेवलं आणि झोपायच्या आधी दोनदा दार वाजवून आल्या.

काकांचा दुसरा डोस २७ डिसेंबरला किंवा त्यानंतर. आईंना इंग्रजी तारखा वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी मला कालनिर्णयाचं शेवटचं पान उघडायला लावलं आणि त्या चौकोनावर स्वतःच्या हाताने कुंकवाचं बोट टेकवलं.